वेळ मागायची कुणी

सून घरात येऊन सोळा वर्षं झाली, तरी तिचा एकही शब्द चांगदेवांच्या वाट्याला थेट आला नव्हता, आणि या गोष्टीचा सासऱ्याला आणि सुनेला सारखाच अभिमान होता. चहा झाला की कल्याणी दाराच्या चौकटीला सांगायची, "चहा झालाय म्हणावं." चौकट गप्प राही, चांगदेव उठून येत. श्रेया जन्मली तशी ही जबाबदारी चौकटीकडून तिच्याकडे गेली. पाळण्यातल्या पोरीला "बाजाराला निघालेत तर मीठ आणायला सांग" असं बजावलं जाई आणि संध्याकाळी मीठ येई. चांगदेवांना काही सांगायचं असलं तर ते बैलाकडे बघून बोलत. खोडदच्या शिवारात दुर्बिणीच्या त्या अवाढव्य छत्र्या उभ्या राहिल्या आणि आभाळातला बारीकसा आवाजही त्यांना टिपता येतो असं गावात पसरलं, तेव्हा कल्याणीच्या सासूबाई ठमाबाई म्हणाल्या होत्या, की त्यातली एक आमच्या ओट्यावर बसवा, सासरा-सुनेत निरोप पोचवून माझा घसा बसलाय.

अशा घरात जत्रेच्या आदल्या दुपारी प्रश्न निघाला, की मुलींच्या कबड्डी संघाचा प्रशिक्षक म्हणून मैदानात बसणार कोण.

संघ शाळेतल्या सरांनी उभा केला होता. दिवाळीनंतर सरांची बदली झाली आणि मुली सैरभैर होऊन श्रेयाच्या मागे तिच्या घरच्या खळ्यावर येऊ लागल्या. कल्याणी तिथे कांदा निवडत बसलेली असे. एक दिवस ती कांद्याकडे बघतच म्हणाली, की वळताना तुझा पाय उशिरा उचलतोय. दुसऱ्या दिवशी तिने पदर खोचून तो पाय कसा उचलायचा ते दाखवलं. लग्नाआधी ती माहेरच्या डिंगोऱ्याकडून जिल्ह्यापर्यंत खेळली होती. सासरी ही गोष्ट कुणी लपवली नव्हती, फक्त सोळा वर्षांत कुणी विचारली नव्हती. पुढचे दोन महिने खळ्यावर रोज सराव चालला. ठमाबाई कुंपणापाशी राखणीला बसत आणि कुणी विचारलं तर ज्वारी वाळत घातलीय म्हणून सांगत. चांगदेवांना सगळं कळत होतं. ज्वारी वाळत घालायला कुणी फक्कीने मध्यरेषा आखत नाही. एकदा तर एक रेषा वीतभर चुकलेली त्यांना बघवेना, तेव्हा त्यांनी पहाटे उठून ती स्वतःच पुसून नीट आखली आणि बैलालाही काही सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी नारायणगावला तालुक्याचे सामने होते. मुलींच्या बापांचं म्हणणं एवढंच होतं, की सोबत बाईमाणूस पाहिजे, आणि बाई अशी पाहिजे की मागे गावात चर्चा होता कामा नये. जत्रेतला येडगावबरोबरचा सामना ही त्या बाईची परीक्षा होती. तिथे काही वेडंवाकडं झालं तर संघ मोडायचा आणि मुलींनी कांदा काढायला मळ्यात जायचं. संघनायिका रूपाचा बाप गेणभाऊ याने तर मळ्यातलं काम वाटूनही ठेवलं होतं.

अडचण एकच होती. जत्रेतल्या सामन्यांचे मुख्य पंच चांगदेव असत. कबड्डीत मुख्य पंचाला सरपंच म्हणतात. गावच्या सरपंचपदाला चांगदेव दोनदा उभे राहून दोनदा पडले होते. मैदानावरच्या पदाला निवडणूक नसल्यामुळे तिथे मात्र ते वर्षानुवर्षं टिकून होते.

"म्हंजे सासरा मधी उभा, आन् सून कडंला बसून वरडनार," गोजरबाई म्हणाल्या. चांगदेवांची ही थोरली बहीण चाळीस वर्षांपूर्वी येडगावला दिलेली, पण माहेरच्या जत्रेला दोन दिवस आधी यायची आणि घरातल्या चालीरीती जागच्या जागी आहेत ना ते बघून जायची. "आमच्या टायमाला सासऱ्याच्या चपला दिसल्या तरी आमी आत पळायचो."

ठमाबाई म्हणाल्या, "वन्सं, तुमच्या सासऱ्याच्या चपला दारात कमी आन् तमाशाच्या फडात जास्त दिसायच्या."

चांगदेवांनी बैलाला सांगितलं, की नियमात प्रशिक्षक बाई असू नये असं कुठे लिहिलेलं नाही. पण नियम नियमाच्या जागी आणि घर घराच्या जागी. बैलाने मान हलवली, ती माशीमुळे.

कल्याणीच्या नवऱ्याला, भरतला, सगळ्यांचं पटत होतं. ही त्याची जुनी सवय होती. आत्या बोलली की त्याला वाटे, खरंच, चाल मोडायला नको. मग कल्याणीकडे बघितलं की वाटे, दोन महिने घाम गाळलाय बिचारीने. या वेळी मात्र त्याला एक युक्ती सुचली आणि सोळा वर्षांत पहिल्यांदा घर त्याच्याकडे बघू लागलं. कल्याणीने डोक्यावर पदर घेऊन बाकावर बसायचं. तोंड उघडायचं नाही. शेजारी आईने बसायचं. कल्याणीने आईच्या कानात सांगायचं आणि आईने ते मोठ्याने म्हणायचं.

घरात जे चालत आलं होतं तेच मैदानात न्यायचं, त्यामुळे कुणालाच त्यात वावगं दिसलं नाही. गोजरबाईंची चाल राहिली, चांगदेवांचा नियम राहिला, ठमाबाईंना बाकावरची जागा मिळाली. कबड्डीत एक चढाई अर्ध्या मिनिटात संपते, हे तिथे कल्याणीला आणि चांगदेवांना माहीत होतं, पण तिला बोलायची परवानगी नव्हती आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी शर्यतीच्या घाटात बैलगाडे पळवून झाले आणि माणसं उन्हं उतरताना कांदा निघालेल्या वावरात जमली. चांगदेव पांढरी पँट, पांढरा सदरा आणि गळ्यात शिट्टी अशा थाटात आले. गाव त्यांना पँटीत वर्षातून एकदाच बघत असे, त्यामुळे पहिली काही मिनिटं सामन्यापेक्षा तिकडेच लक्ष होतं.

पहिल्याच चढाईला येडगावची उंच मुलगी आत आली. कल्याणी कुजबुजली, "आई, रूपाला सांगा, तिला आत येऊ दे, धरायची घाई नको. माघारी फिरली की घोटा."

ठमाबाई उठल्या. एवढ्या लोकांसमोर बोलायचं म्हणजे पदर सारखा करणं आलं, तो केला. "ए रूपे," त्या म्हणाल्या, "आमच्या सूनबाईचं म्हननं असं हाय, का पावनी आली तर तिला आदी आत घ्यावं. आल्या आल्या धरू न्हाई, बरं दिसत न्हाई त्ये."

तोवर पाहुणी दोघींना शिवून घरी पोचली होती.

ठमाबाईंना वाटलं, सुरुवात तर छान झाली. पुढच्या वेळी त्यांनी निरोपात थोडी भरही घातली. कोपऱ्यातल्या मुलीला चवड्यावर उभं राहायला सांगताना, सकाळी काही खाल्लंस का ग, असंही विचारून घेतलं. त्या मुलीने मान वळवून "व्हय" म्हटलं आणि तेवढ्यात बाद झाली. बाकावर कल्याणीने पदराचं टोक दातांत धरलं. बघणाऱ्या बायांना तो सुनेचा विनय वाटला.

शेवटी शिट्टी वाजली. चांगदेवांनी बाकाकडे बोट केलं. "बाहेरून सूचना. खोडद संघाला ताकीद."

"मी कुठं सूचना केली," ठमाबाई म्हणाल्या. "मी पोरीसंगं बोल्ले."

येडगावचा प्रशिक्षक सयाजी नियमाला पक्का होता. खेळ चालू असताना प्रशिक्षकाने बोलायचं नाही, बोलायचं ते मध्यंतरात किंवा वेळ मागून घेतल्यावर. त्याने अदबीने विचारलं, की या बाई प्रशिक्षक आहेत की प्रेक्षक. प्रशिक्षक असतील तर आम्हाला गुण द्या, प्रेक्षक असतील तर त्यांना दोरीच्या मागे बसवा.

चांगदेव विचारात पडले. इतक्या वर्षांच्या संसारात बायको नेमकी कशात मोडते, हा प्रश्न त्यांना कुणी घातला नव्हता.

"मी सरपंचाची बायकू हाय," ठमाबाईंनीच निकाल दिला. पण असं पद नियमावलीत नव्हतं. त्यांना दोरीच्या मागे जावं लागलं. जाताना त्यांनी नवऱ्याला एवढंच सांगितलं, की घरी या मग.

मध्यंतरात मुली कल्याणीभोवती जमल्या. सासऱ्याकडे पाठ होती आणि आवाज बारीक ठेवला तर चाल मोडत नव्हती. तिने काय सांगितलं ते दोरीपर्यंत पोचलं नाही. पण नंतर खेळ बदलला एवढं सगळ्यांना दिसलं. मुली थांबू लागल्या, येणारीला आत घेऊन धरू लागल्या. पाहुणीला आत घ्यायचं ते असं, हे ठमाबाईंच्या लक्षात आलं आणि त्यांनी शेजारणीला सांगितलं, की हे मी मघाशीच म्हटलं होतं. गुण बरोबरीला आले.

गोजरबाई येडगावच्या बायांमध्ये बसल्या होत्या. तिथेच बसणं रीतसर होतं. येडगावच्या मुलीने गडी टिपला की त्या टाळ्या वाजवत. पण खोडदच्या मुली मागून चालून आल्या तसा त्यांच्या टाळ्यांचा हिशेब चुकू लागला. शेजारची म्हणाली, "आक्का, आपल्या गावच्या त्या निळ्या. तुमी पिवळ्यांना टाळ्या देताय." गोजरबाई म्हणाल्या, की उन्हानं रंग नीट दिसत नाहीत.

शेवटची काही मिनिटं उरली आणि येडगावने एकाच सपाट्यात उरलेल्या चौघींपैकी रूपासह तिघी बाद केल्या. खोडदच्या बाजूला एकटी श्रेया उरली. ती बाद झाली की सगळा संघ बाद, वर येडगावला जादा गुण, मग सामना संपल्यातच जमा. ती मध्यरेषेपाशी कमरेत वाकून धापा टाकत होती. चढाईला तिचीच पाळी.

ठमाबाई दोरीमागून ओरडल्या, "अहो, जरा येळ द्या पोरीला."

"वेळ मागायचा अधिकार संघनायिकेला, न्हाईतर प्रशिक्षकाला," चांगदेव म्हणाले. संघनायिका बाद होऊन बाहेर बसली होती. प्रशिक्षक पदराखाली होती.

चांगदेवांनाही नातीचा श्वास ऐकू येत होता. या अवस्थेत चढाईला पाठवलं तर मध्येच दम तुटणार, हे त्यांना एकेकाळचा खेळाडू म्हणून कळत होतं, आजोबा म्हणून जास्तच कळत होतं. पण सरपंच म्हणून त्यांना काही कळून चालणार नव्हतं. त्यांनी शिट्टी तोंडाजवळ नेली. मग ती सोडून खाली वाकले आणि बुटाची नाडी बांधू लागले. त्यांच्या बुटाला नाडी नव्हती. हे सयाजीच्या ध्यानात येईपर्यंत जेवढा वेळ जाईल तेवढा त्यांच्या हातात होता.

कल्याणीला ते वाकलेले दिसत होते. सासरे पोरीसाठी वेळ काढतायत हे तिला समजलं. आपण उठलो तर रूपाचा बाप, सगळे बाप, सगळी जत्रा बघणार आणि उद्या मुली कांद्याला जाणार, हेही समजत होतं. नाही उठलो तर श्रेया आता, या चढाईत जाणार. तिने पाय जमिनीवर दाबले, पण उठवेना.

तेवढ्यात येडगावच्या बायांतून एक लुगडं उठलं आणि दोरी ओलांडून मैदानाच्या कडेने तरातरा आलं. गोजरबाई बाकापाशी थांबल्या. त्यांना धाप लागली होती.

"सोळा वर्सं गप बसलीस, त्ये लई झालं," त्या म्हणाल्या. "माजं माहेर हराया लागलंय. ऊठ."

कल्याणी उठली. डोक्यावरचा पदर काढून तिने कमरेला खोचला. आवाज कसा निघेल याची तिलाच खात्री नव्हती, पण तो कबड्डीच्या मैदानावरचा जुना आवाज होता, पार मागच्या रांगेपर्यंत गेला.

"मामंजी, वेळ द्या."

चांगदेव नाडी सोडून सरळ उभे राहिले. आसपास बैल नव्हता. त्यांनी सुनेकडे बघितलं.

"मैदानात मामंजी कोन न्हाई. सरपंच म्हनायचं."

"सरपंच, वेळ."

त्यांनी लांब शिट्टी वाजवून वेळ दिली, आणि ती देताना त्यांचा चेहरा सक्त नापसंतीचा होता, असं ते पुढे बरीच वर्षं सांगत.

श्रेयाला पाणी मिळालं, दम मिळाला आणि आईने काय करायचं ते कानात सांगितलं. चढाई सुरू झाली. ती डाव्या कोपऱ्याकडे घुसली, कोपऱ्यातली मुलगी घोट्यावर झेपावली, श्रेया निसटली, तिचा एक पाय बाजूच्या पट्टीत पडला आणि दुसऱ्या उडीत ती घरी आली. झटापट, म्हणजे अंगाला अंग लागणं, होईपर्यंत त्या पट्टीत पाय टाकला तर खेळाडू बाद. मुलीचा हात श्रेयाला लागला असेल तर येडगावची मुलगी बाद. नसेल लागला तर श्रेया बाद आणि सगळं संपलं.

चांगदेवांनी श्रेयाला बाद दिलं.

आता कुणाला ढकलावं लागलं नाही. कल्याणी थेट त्यांच्यासमोर आली. "सरपंच, हात लागलाय. आधी हात लागला, मग पाय पडला."

"न्हाई लागला."

"घोट्याला लागला. तुमी उजवीकडं व्हता. तुमाला दिसला न्हाई."

खोडदची सून भर जत्रेत सासऱ्याला म्हणाली, तुम्हाला दिसलं नाही. भेळवाल्याने चुरमुऱ्यात घातलेला हात तसाच ठेवला. भरतने आभाळाकडे बघितलं. सासरा नियमावलीतलं कलम सांगत होता, सून त्याच कलमाचा दुसरा भाग सांगत होती, आणि दोघांचेही हात एकाच तऱ्हेने हलत होते. निर्णय काही बदलला नाही. खोडदच्या मुली हरल्या.

*

दिवेलागणीला गेणभाऊ आला. बरोबर आणखी एका मुलीचा बाप बहिरू होता. दोघे ओट्यावर बसले. चेहरे अशा बेताने केलेले, की घरात काही वाईट घडलं असावं.

आत कल्याणी भाकरी थापायची थांबली. श्रेया गुडघ्याला हळद लावून भिंतीशी बसली होती. गोजरबाईंनी मुद्दाम येडगावची शेवटची गाडी चुकवली होती. आपण बाकापाशी गेलोच नव्हतो, पाणी प्यायला उठलो होतो, असं त्यांचं आता म्हणणं होतं.

गेणभाऊ म्हणाला, की झालं ते सगळ्या गावाला वाईट वाटलं. चांगदेवांसारख्या माणसाचा असा अपमान. पोरी खेळल्या चांगल्या, त्यात वाद नाही, पण अशा बाईबरोबर त्यांना नारायणगावला पाठवलं तर त्या काय शिकतील. तेव्हा रविवारचं राहू द्यावं. बहिरूने मान हलवून दुजोरा दिला.

पँट बदलून चांगदेव धोतरात आले होते, त्यामुळे त्यांना मोकळं वाटत होतं.

"ती चुकीचं बोल्ली," ते म्हणाले. "हात लागला नव्हता."

"तेच म्हन्तोय आमी."

"चुकीचं बोल्ली, पन बोल्ली. माज्यासमोर बोल्ली." ते गेणभाऊकडे वळले. "नारायणगावला पंच परका असनार. तुज्या रूपावर अन्याय झाला तर तितं कोन बोलनार? तू? तुला आज मैदानात कुठला पाय कुठं पडला त्येबी सांगता यायचं न्हाई. ही सासऱ्याला सोडत न्हाई, ती परक्याला सोडंल का? का पोरींसंगं मुकी बाई धाडू?"

गेणभाऊ अपमानाचं सांत्वन करायला आला होता आणि अपमान झालेला माणूस फुशारकी मारत होता.

"हात लागलेला, मामंजी," आतून आवाज आला. श्रेयामार्फत नाही, चौकटीमार्फत नाही.

"न्हाई लागला."

"लागलेला. खळ्यावर चला, दाखवते."

चांगदेव ताडकन उठले. मागोमाग ठमाबाई कंदील घेऊन निघाल्या, गोजरबाई निघाल्या, आणि पाहुण्यांना एकटं बसून राहणं बरं दिसेना म्हणून ते दोघेही निघाले. खळ्यावर फक्कीच्या रेषा होत्याच. श्रेया लंगडत मध्यरेषेवर उभी राहिली. येडगावची कोपऱ्यातली मुलगी म्हणून कुणीतरी हवं होतं. भरतला सांगितलं, तर तो म्हणाला की मला दोघांचंही पटतंय. कल्याणीने वळून बघितलं.

"गेणभाऊ, तुमी या. डाव्या कोपऱ्यात. बहिरूभाऊ, तुमी त्यांच्या शेजारी, हात धरा."

हे तिने इतकं सरळ सांगितलं, की दोघे आपण कशासाठी आलो होतो ते विसरून रेषेच्या आत गेले. गेणभाऊने धोतराचा सोगा खोचला. पहिल्यांदा तो उशिरा झेपावला. दुसऱ्यांदा लवकर. चांगदेव उजवीकडून बघत होते आणि त्यांना हात लागलेला दिसत नव्हता. कल्याणीने त्यांना हाताने डावीकडे यायची खूण केली आणि ते आले.

तिसऱ्यांदा गेणभाऊची बोटं श्रेयाच्या घोट्याला लागली. त्याला स्वतःला लागल्यासारखी वाटली. तो मातीत गुडघे टेकून तसाच राहिला, आणि आज मैदानात त्या शेवटच्या क्षणी बाहेर बसलेल्या आपल्या रूपाचा चेहरा कसा झाला होता, ते त्याला आठवलं असावं.

चांगदेव म्हणाले, कंदिलाच्या उजेडात निर्णय देता येत नाही.

"परत एकदा," कल्याणी म्हणाली.

गेणभाऊ उठून, धूळ न झटकता, पुन्हा कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. "सूनबाई," त्याने विचारलं, "रविवारी पोरींना कवा तयार ठिवायचं?"

"सकाळच्या पहिल्या एस्टीला," कल्याणी म्हणाली. "आधी गुडघा वाकवा."